लाक्षागृहातली सहा माणसं

अकिलीसने ब्रिसेइसचा नवरा मारला, तिचे तीन भाऊ मारले, तिचं लिर्नेसस गाव उद्ध्वस्त केलं आणि लुटीच्या वाटपात ती त्याच्याच वाट्याला आली. होमरच्या ‘इलियड’मधलं सगळं भांडण तिच्यावरून पेटतं. ग्रीकांचा सेनापती ॲगमेम्नॉन तिला हिसकावून नेतो, अकिलीस रुसून बसतो आणि तिकडे ग्रीकांचे मुडदे पडत राहतात. चोवीस सर्गांच्या त्या महाकाव्यात ब्रिसेइस स्वतः बोलते ती एकदाच, एकोणिसाव्या सर्गात, तेही अकिलीसचा जिवलग सखा पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून आक्रोश करताना. पॅट बार्कर या इंग्रज लेखिकेने २०१८ साली ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ ही कादंबरी लिहिली आणि कथा बरीचशी ब्रिसेइसच्या तोंडी दिली. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रियम रात्री अकिलीसकडे येतो, ज्याने आपला मुलगा मारला त्याच्या हातांचं चुंबन घेतो आणि म्हणतो, मी करतोय ते आजवर कुणी केलं नसेल. होमर वाचणारे या जागी पिढ्यान्‌पिढ्या गहिवरत आले. बार्करची ब्रिसेइस तिथेच वावरत असते. तिच्या मनात येतं, ज्याने माझा नवरा नि भाऊ मारले त्याच्या अंथरुणात मी जाते, माझ्यासारख्या अगणित जणी जात आल्या, त्याचं काय?

तिथे माझे डोळे भरून आले. हे लिहायला बसले आहे ते त्या भरून आलेल्या डोळ्यांची झडती घ्यायला.

माझं घर जुन्नरला. आयुष्यभर माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं. सासरची शेती आंबेगाव तालुक्यात, मंचरच्या पुढे. इंग्रजी मी सावकाश वाचते, मोबाइलवर शब्दकोश उघडून. पुण्याची भाची वाचून झालेली पुस्तकं पाठवते आणि तिच्या पिढीत सध्या ग्रीक पुराणकथांचं पीक आलेलं आहे. मॅडलिन मिलरची ‘सर्सी’, नॅटली हेन्सची ट्रॉयच्या बायकांवरची कादंबरी, जेनिफर सेंटची ‘ॲरिअ‍ॅडनी’. गावातले लोक थट्टेने विचारतात, बाई, जुन्नरात बसून ग्रीक कशाला वाचता? मग मी त्यांना मानमोडीच्या डोंगराकडे बोट दाखवते. तिथल्या भूतलिंग गटातल्या चैत्याच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाच्या दानाचा लेख आहे. जुन्नरच्या लेण्यांत आणखी दोन यवन सापडतात. इरिल नावाच्याने पाण्याची दोन टाकी खोदवून दिली, चिट नावाच्याने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. हे तिघं नेमके ग्रीकच होते की पश्चिमेकडून आलेले आणखी कुणी, यावर विद्वानांचा वाद आहे. नाणेघाटाने माल चढत-उतरत होता त्या काळात त्यांनी इथल्या बौद्ध लेण्यांना दानं दिली, एवढं पक्कं. तेव्हा ग्रीक माझ्या गावाला परके नाहीत, असं मी ऐटीत सांगते.

ही ऐट खोटी नाही, पण ती सोयीची आहे. चंदाचं नाव दोन हजार वर्षं टिकलं कारण त्याने पैसे दिले. त्या चैत्याच्या कमानीत कमळाच्या पाकळ्या नि गजलक्ष्मी कोरणाऱ्याचं नाव मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. गप्प बसवलेल्यांच्या कादंबऱ्या वाचणारी बाई मी, आणि मिरवायला निवडला तो शेठ.

बार्करच्या आधी मी मिलरची ‘द साँग ऑफ अकिलीस’ (२०११) वाचली होती. तिचा निवेदक पॅट्रोक्लस. त्याच्या डोळ्यांनी अकिलीस पाहिला की तो लायरवर सुरेल गाणारा, पाय धुळीला न लागता धावणारा, प्रेमात बुडालेला पोरगा दिसतो. तीच छावणी, तीच लूट, त्याच पळवून आणलेल्या बायका. फक्त इथे पॅट्रोक्लस अकिलीसला गळ घालतो, तू ब्रिसेइसला मागून घे, म्हणजे ती ॲगमेम्नॉनच्या हाती पडायची नाही. पुढेही असंच घडत जातं आणि बायका त्यांच्या तंबूंच्या आसऱ्याला येतात. त्या तिथे जणू हॉस्टेलवर राहिल्यासारख्या राहतात, भाषा शिकतात, हसतात. मी हे सगळं गिळलं. अकिलीस रोज सकाळी उठून कुणाची तरी गावं जाळायला जातो हे त्याच पुस्तकात लिहिलेलं आहे, लेखिकेने लपवलेलं नाही. मला ते दिसलं नाही कारण मला दोघांचं प्रेम बघायचं होतं. शेवटी दोघांच्या अस्थी एकत्र झाल्या तेव्हा मी रडले. मग बार्कर वाचली, तेव्हा ब्रिसेइससाठी रडले. ज्याच्या हातात माइक त्याच्या बाजूने माझे डोळे वाहतात. याला सहानुभूती म्हणावं की नुसता निचरा, हे मला कळेना.

ही खोड ग्रीकांपासूनची नाही. ती ‘मृत्युंजय’पासूनची आहे.

शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ला आली. माझ्या पिढीतल्या मुलामुलींनी ती वाचनालयाच्या रांगेत थांबून, पानं सुटलेल्या प्रतीतून वाचली. कर्णासाठी रडलेलं नाही असं माणूस आमच्यात विरळा. पुढे मी ती शाळेत पोरांना सांगायचे. कवचकुंडलं काढून देणारा कर्ण, मांडीत किडा शिरला तरी न हललेला कर्ण, रंगभूमीवर सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला कर्ण. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग उठायचा नाही. या कादंबरीत सहा जण आपापल्या तोंडाने बोलतात: कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण. द्रौपदी बोलत नाही. इतकी वर्षं शिकवताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते ध्यानात आणून दिलं बार्करने, म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या एका बाईने, जिने ‘मृत्युंजय’ वाचली असण्याचं काही कारण नाही.

सभापर्वात द्रौपदी विचारते, धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? विकर्ण तिच्या बाजूने उभा राहतो. त्याला खाली बसवतो तो कर्ण. पाच नवऱ्यांची ही बाई वेश्याच आहे, हिला सभेत वस्त्रासकट आणली काय नि वस्त्राविना आणली काय, असं म्हणून पांडवांची आणि तिची वस्त्रं उतरवून घ्यायला सांगतो तोही कर्णच. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पोरांना सांगताना या जागेवरून मी पाय उचलून पुढे जायचे. फार तर, संतापाच्या भरात कर्णाच्या तोंडून अनुचित शब्द गेले, असं एक वाक्य टाकायचे. वर्गात निम्म्या मुली असायच्या. त्या मुलींना मी शिकवलं ते एवढंच, की पुरुष पुरेसा दुःखी असला की त्याला बाईला काय म्हणायचं ते म्हणायची मुभा असते. असं मी मुद्दाम केलं का? नाही. पण मुद्दाम केलं नाही या सबबीने मला कितपत सुटता येईल? ज्या वर्षी ‘मृत्युंजय’ आली त्याच वर्षी इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ही आलं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हापासून ते शाळेच्या ग्रंथालयात होतं. द्रौपदीवरचा त्यांचा निबंध मी वाचलेला होता, त्याचं कौतुकही करायचे. ते डोक्याने. रडायला मात्र कर्ण.

जुन्नरच्या शाळा सहलीला शिवनेरीवर जातातच. शिवाई देवी, अंबरखाना, शिवजन्मस्थान आणि मग वर कड्यापाशी कोळी चौथरा. मोगलांनी बंड केलेल्या महादेव कोळ्यांची तिथे मुंडकी उडवली, त्या जागी बांधलेला तो चौथरा, असं सांगतात. पोरं तिथे डबे उघडतात कारण वारा चांगला लागतो. मी त्यांना चौथऱ्याची गोष्ट एका वाक्यात सांगून कचरा उचलायला लावायचे. शेवटच्या बाकावर बसणारी, आदिवासी वसतिगृहात राहणारी पोरंही त्यात असायची. ती डबा आणायची नाहीत, वसतिगृहातून कागदात बांधून दिलेलं आणायची. त्यांच्या खापरपणज्यांची गोष्ट मी त्यांना एका वाक्यात सांगितली.

दुसरी एक गोष्ट सांगायला अवघड आहे, कारण ती माहेरची आहे.

माझं माहेर नारायणगावचं. तमाशाची पंढरी म्हणून नाव असलेलं गाव. पाडव्याच्या सुमाराला तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. आमच्या घरातून ढोलकी ऐकू यायची. ती ऐकू येते आहे हे कुणी बोलून दाखवायचं नाही, असा घरचा रिवाज. पुरुष गुपचूप जायचे. आम्हा मुलींनी त्या रस्त्याने दुकानातही जायचं नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर ही आमच्याच गावची बाई. १९५७ ला नि पुन्हा १९९० ला तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. तमाशा चालू असताना कळा आल्या, पडद्यामागे बाळंत झाली, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभी राहिली, ही तिची कथा महाराष्ट्रभर सांगतात. आमच्या घरात ती सांगितली जायची ती नाक मुरडून. बाईला लाज नाही म्हणून नाचली, असा तिचा अर्थ. तिला नाचावं लागलं, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. मीही म्हटलं नाही.

आता ॲटवुडकडे येते. मार्गारेट ॲटवुडची ‘द पेनेलोपियाड’ (२००५) मला या सगळ्या पुस्तकांत जास्त आवडते. ओडिसियस वीस वर्षांनी घरी परततो, बायकोच्या मागे लागलेल्यांना मारतो आणि मग त्यांच्याशी लागट झालेल्या बारा दासींना आधी मुडदे उचलायला, रक्त धुवायला लावतो. नंतर त्याचा मुलगा त्यांना एका दोरावर ओळीने फाशी देतो. होमर सांगतो की त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही. ॲटवुडने या बाराजणींचा कोरस केला. त्या मध्येमध्ये येतात, दोरीवरच्या उड्यांचं गाणं म्हणतात, खलाशांचं गाणं म्हणतात, ओडिसियसवर खोटाखोटा खटला चालवतात, प्राध्यापकी व्याख्यानाची नक्कल करतात. मी भाचीला फोन करून सांगितलं, अगं काय धीट प्रकार आहे, पुराणाची अशी खिल्ली उडवत गाणी म्हणायची नि त्यातूनच चटका लावायचा, हे आपल्याकडे कुणाला सुचलं नाही.

फोन ठेवल्यावर माझं मलाच ऐकू आलं. गवळण म्हणजे दुसरं काय असतं? दूध-दही घेऊन गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण पेंद्याला घेऊन वाट अडवतो, दान मागतो. (नाणेघाटाच्या तालुक्यात जकातीवरचा विनोद कळायला वेळ लागत नाही.) मग मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, कमरेवर हात ठेवून देवाची उलटतपासणी घेते. कोण रे तू, कुणाचा, कुणी दिला तुला हा हक्क? पब्लिक हसून लोळतं. देवाला जाब विचारायची ही चाल माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर दर हंगामात चालू होती. गवळणीत सगळंच मुक्त नि शहाणं होतं असा दावा मी करणार नाही. समोर फेटे उडवणारे, नोटा दाखवणारे पुरुष होते, नि नाचणारीचं पोट त्या नोटांवर होतं. पण ‘आपल्याकडे कुणाला सुचलं नाही’ हे वाक्य जिच्या तोंडून निघालं तिने आपल्याकडचं ऐकलेलंच नव्हतं. गच्चीवर गोधडीत तोंड खुपसून ढोलकी ऐकली होती, शब्द नव्हते ऐकले. तेच कॅनडातून, चांगल्या कागदावर छापून आलं तेव्हा ते साहित्य झालं.

इथवर आल्यावर एक सोपा निकाल समोर दिसतो, की परदेशी दुःखावर रडणं ढोंगी, ती पुस्तकं बाजूला ठेवावीत आणि आपल्याकडचं बघावं. हा निकाल मला पटत नाही. बार्कर नसती तर ‘मृत्युंजय’मधल्या सहा आवाजांत सातवा कुणाचा नाही हे मला कधीच मोजता आलं नसतं. आपल्या घरातली मांडणी आपल्याला दिसत नाही, परक्याच्या घरात पाय अडखळला की दिसते. शिवाय वाचताना रडू येणं यात लाज वाटण्यासारखं काही नाही. अडचण आहे ती त्यानंतरच्या माझ्या समाधानात. ब्रिसेइससाठी रडून झालं की मला आपण चांगल्या असल्यासारखं वाटतं. ट्रॉयमधल्या कुणाचं मी काही देणं लागत नाही, त्यामुळे हे चांगलं वाटणं फुकटात पडतं.

देणं कुठे आहे ते शोधताना मला महाभारतातली निषादी सापडली.

वारणावतात दुर्योधनाचा माणूस पुरोचन याने पांडवांना लाखेच्या घरात ठेवलेलं. विदुराने पाठवलेल्या खनकाने भुयार खोदून दिलेलं. निघायची वेळ आली तेव्हा युधिष्ठिर भावांना बेत सांगतो: आयुधागाराला आग लावू, पुरोचनाला जाळू आणि सहा जीव इथे ठेवून कुणाच्या नजरेला न पडता निसटू. सहा, कारण पाच भाऊ आणि कुंती. मग कुंती अन्नदान करते. जेवायला एक निषादी, म्हणजे रानातल्या निषाद जमातीतली बाई येते, तिचे पाच मुलगे बरोबर. पोटभर खातात, दारू पितात, तिथेच झोपतात. भीम आग लावतो. सकाळी लोकांना सहा जळालेली प्रेतं सापडतात, पांडव मेले म्हणून नगर रडतं. कवी म्हणतो, काळाच्या प्रेरणेने ती तिथे आली. हिशेब मात्र काळाने केलेला नाही, धर्मराजाने आधीच केलेला आहे. मी महाभारत शिकवलं, लाक्षागृह शिकवलं, भुयार म्हटलं की पोरांचे डोळे चमकायचे. निषादी माझ्या तोंडून वर्गात कधी आली नाही. महाश्वेता देवींनी बंगालीत ‘कुंती ओ निषादी’ लिहून म्हाताऱ्या कुंतीसमोर त्या निषादीची सून उभी केली, ती कथाही मी फार उशिरा वाचली.

त्याच आदिपर्वाच्या शेवटी खांडववन जळतं. कृष्ण-अर्जुन दोन्ही बाजूंनी पहारा देतात, पळून निघालेला पशुपक्षी परत आगीत जातो. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय आणि शार्ङ्‌गक पक्ष्याची चार पिल्लं एवढीच वाचतात. पुढे त्याच मयाकडून पांडव इंद्रप्रस्थात सभा बांधून घेतात. इरावतीबाईंनी ‘मयसभा’ या निबंधात या जाळण्याकडे सरळ बघितलं आहे, वसाहतीसाठी जमीन मोकळी करणं म्हणून. तो निबंध मी पुन्हा वाचला तो आमच्या शेतावरच्या खोलीत, कालव्याला पाणी सुटलेलं असताना.

आमच्या शेताला डिंभ्याचं पाणी येतं. डिंभे धरण घोड नदीवर, कुकडी प्रकल्पातलं. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचं नाव आहे, आंबेगाव तालुक्यातल्याच म्हाळुंगे पडवळच्या गिरणी कामगाराचं, जो १२ डिसेंबर १९३० ला मुंबईत विदेशी कापडाच्या ट्रकपुढे आडवा गेला आणि चिरडला गेला. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव म्हणतात ते आंबेगाव याच पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो चकित होतो, आम्हाला त्यात आता काही वाटत नाही. वरच्या खोऱ्यातली महादेव कोळ्यांची, ठाकरांची गावं नि भातखाचरं बुडाली. खालच्या आम्हा लोकांकडे ऊस, कांदा, बटाटा आला, मंचरचा बाजार फुलला. आमच्या घराला स्लॅब पडला, मुलगा इंजिनिअर झाला. माझ्या टेबलावरची पुस्तकंसुद्धा, हिशेब नीट मांडला तर, त्याच पाण्यातली आहेत. धरण वाईट झालं असं मी म्हणत नाही. माझी सासू दुष्काळात खडी फोडायला गेलेली बाई होती, पाण्याची किंमत आमच्या घराला माहीत आहे. पण त्या पाण्याच्या वरच्या टोकाला कोण होतं, ते आता कुठे आहेत, हे मी चौकशी करून कधी समजून घेतलं नाही. ट्रॉय नेमकं कुठे होतं, हिसार्लिकची टेकडी कुठे, हे मात्र मी नकाशा उघडून पाहिलं.

वरची माणसं कुठे आहेत ते शोधायला फार लांब जावंही लागत नाही. हंगामात सकाळी सातला नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर जावं. आदिवासी पट्ट्यातली माणसं, जास्त करून बाया, भाकरीचं गाठोडं नि विळा-खुरपं घेऊन उभ्या असतात. पिकअप येते, मालक काचेतून विचारतो, किती जणी? काय रोज? भाव तुटतो, बाया मागे चढतात. आमच्या कांद्याच्या लागवडीला, काढणीला वर्षानुवर्षं एक टोळी येते. तिची म्होरकी मला ‘बाई’ म्हणते कारण मी शाळेतली. मी तिला ‘मावशी’ म्हणते, ती माझ्याहून लहान असूनसुद्धा. मावशी म्हटलं की नाव विचारावं लागत नाही.

मध्यंतरी निषादीवर कथा लिहायचं मी मनावर घेतलं होतं. तिच्याच तोंडून, मिलर-बार्करसारखी. पाच-सहा पानं झाली, चांगली झाली असं वाटलं. वाचून पाहते तो माझी निषादी माझ्यासारखीच बोलते. शुद्ध, सोशिक, थोडी कवितेकडे झुकणारी. मुलांना पोटभर जेवायला मिळालं म्हणून कुंतीला मनातून दुवा देते. आणि मरताना क्षमा करते! कुणाला हवी होती ही क्षमा? कुंतीला असेल, मला तर नक्कीच होती. सगळ्या नव्या ग्रीक कादंबऱ्यांबद्दल आता मला हाच संशय येतो. सर्सी बेटावर एकटी राहून स्वावलंबी होते, जडीबुटी शिकते, पोर एकटीने वाढवते, आणि पुण्या-लंडनच्या वाचणारीला ती आपली मैत्रीण वाटते. वाटणारच, तिला मैत्रीण व्हावी अशीच घडवली आहे. जी मैत्रीण होणार नाही, जिच्या तोंडाला दारूचा वास आहे, जी आपल्याला माफ करणार नाही, तिला आवाज द्यायला कोण धजेल? माझी ती पानं अजून कपाटात आहेत. फाडण्याइतकी वाईट नाहीत, ही त्यातली खरी पंचाईत.

यंदा कांद्याच्या लागवडीच्या वेळी दुपारच्या सुट्टीत बाया बांधावर बसल्या होत्या. मी चहा घेऊन गेले आणि मावशीला विचारलं, तुमचं गाव धरणाच्या वरच्या अंगाला ना? जुनं आंबेगाव आठवतंय का तुम्हाला? मनात वही-पेन तयार होतं, खोटं कशाला बोलू. तिने बशी खाली ठेवली. म्हणाली, सासऱ्याचं घर होतं तिकडं खाली. पुढे काही सांगेल म्हणून मी थांबले. ती बाकीच्यांकडे एकदा बघून म्हणाली, बाई, औंदा रोजाचं काय ते बघा. पलीकडच्या मळ्यात पन्नास जास्ती देत्यात.

मी म्हटलं, यांना विचारून सांगते.

शेतीचा सगळा हिशेब माझ्याच वहीत असतो. रोज किती द्यायचा तेही मीच ठरवते.